अंगठ्याची दोरी

गोळीबार चौकात, निमजेंच्या दुकानात
मी सर्व्हो स्टॅबिलायझर जुळवते.
काम साधं. दोनशे तीस हवेत, दोनशे दहा आले,
की बोटाएवढी मोटर तांब्याच्या कड्यावर
कार्बनचा ब्रश पुढे ढकलते.
ढकलते जरा जास्तच.
मग मागे येते. तेही जास्तच.
मेच्या दुपारी अख्खं शहर कूलरपुढे पडलेलं असताना
एखादी मोटर अशी झुलत राहते, पुढे मागे, पुढे मागे,
जळका वास येईपर्यंत.

"शिकारीवर गेली बाप्पा," निमजे म्हणतात,
आणि प्रिसेटचा स्क्रू केसभर मागे घेतात.
"उशिरा आयकाचं अन् जोरात बोलाचं,
दुसरं काय होईन मंग?"

त्यांचे वडील मागावर बसायचे.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
"त्याले थांबवलं असतं तं लुगडं झालं असतं काय?"
हे ते मला तिसऱ्यांदा सांगत होते.
मी डिप्लोमावाली. मला झोका म्हणजे दोष.
आलेख आडवा झाला की पैकीच्या पैकी.

संत्र्याच्या हंगामात यशोधराबाई रामटेके आल्या.
पाचपावलीत त्यांचं पाळणाघर. चार पाळणे.
कळमन्याला पहाटेपासून संत्री निवडणाऱ्या बायांची लेकरं.
"मशीन बसवून दे वं. गुडघे गेले माहे."

पहिलं मशीन मी घड्याळावर चालवलं.
दर दोन सेकंदांनी एक धक्का, मोजून.
पण मितू उठून बसली की पाळण्याचा काळच बदले,
धक्का कधी पाठीत, कधी तोंडावर.
दुसऱ्याला सेन्सर लावला.
पाळणा मध्यापासून जितका दूर, जितका वेगात,
तितका त्याला आवर.
पाळणा येऊन अचूक मध्यात उभा राहिला.
आलेख आडवा.
चारही पोट्टी एकदम रडली.

मग मी फरशीवर बसले
आणि दिवसभर त्यांच्या पायाकडे बघत राहिले.

दोरीचं एक टोक पाळण्याला,
दुसरं उजव्या अंगठ्याला.
बाई मेथी निवडत होत्या, पाळण्याकडे बघतही नव्हत्या.
पाळणा त्यांच्याकडे येताना अंगठा वळे, दोरी ओढे.
जाताना सैल.
मितूनं मध्येच उसळी मारली, झोका भिंतीला लागायला आला,
तेव्हा तोच अंगठा
जाताना ओढू लागला.
तीच दोरी, तेवढाच जोर.
येताना ओढली तर देणं,
जाताना ओढली तर घेणं.
"हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.
"काय?" त्या म्हणाल्या.

रात्री दुकानात बसून ते लिहिलं.
जुना कोड चाळीस ओळींचा होता,
हा चार ओळींचा झाला:
आत्ता झोक्यात किती दम आहे ते बघ.
कमी असेल तर जिकडे चाललाय तिकडे ढकल,
जास्त असेल तर उलट.
बरोबर असेल तर गप्प बस.
शेवटची ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला.

आता पाळणे वीतभर झुलतात.
कुणी दांडगाईनं ढकलला तरी
पाच-सहा हेलकाव्यांत पुन्हा वीतभर.
बाळ झोपलेलं असो की बसलेलं, वीतभर.
निमजे बघायला आले,
मोटरला हात लावून पाहिला, गार होती.
"धोटा," एवढंच म्हणाले. पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुपारी यशोधराबाई भिंतीला टेकून डुलकी घेतात.
दोरी सोडून महिना झाला,
तरी उजवा अंगठा झोपेत वळतो, सैल होतो, वळतो.
मी मोबाइलवर वेळ मोजली.
दोनदा मोजली.
पाळण्याच्या
किंचित आधी.